ढेकूण आणि रोगजंतू : शंभर वर्षांच्या संशयाचा आढावा

माणसाचे रक्त पिऊन जगणाऱ्या किड्यांची यादी केली, तर जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे एक तरी रोग लिहावा लागतो. डासापुढे हिवताप, डेंगी आणि हत्तीरोग, पिसवेपुढे प्लेग, अंगावरच्या उवेपुढे टायफस, वाळूमाशीपुढे काळा आजार. ढेकणाच्या नावापुढची जागा मात्र शंभराहून अधिक वर्षे शोध घेऊनही रिकामी आहे.

हे चमत्कारिक आहे, कारण संशय घ्यावा अशी सगळी लक्षणे ढेकणात आहेत. तो फक्त रक्तावर जगतो. तो माणसाच्या अंथरुणाशीच राहतो. चाळीत, वसतिगृहात, तुरुंगात, धर्मशाळेत एकाच खोलीतल्या चार-पाच जणांचे रक्त तो आलटूनपालटून पितो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत दुसरे काही खात नाही. रोगवाहकाची नेमणूक करायची असती, तर अर्जातली प्रत्येक अट त्याने पुरी केली असती.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ढेकूण जगभर पुन्हा वाढले आणि हा जुना प्रश्न नव्याने पुढे आला. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण व आरोग्य सुरक्षा संस्थेने २०२३च्या जुलैत दिलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात तिथल्या ११ टक्के कुटुंबांच्या घरी ढेकूण झाले होते. त्याच वर्षी ऑलिंपिकच्या तोंडावर पॅरिसमध्ये उडालेली घबराट जगाने पाहिली. या काळात संशोधनही पुढे गेले. ‘ढेकूण रोग पसरवतो का?’ या एका प्रश्नाला आता आणखी दोन प्रश्नांची जोड मिळाली आहे. पसरवत नसेल, तर का नाही? आणि त्याच्या स्वतःच्या पोटात कोणते जंतू नांदतात?

चावा जवळून पाहिला तर

माणसाला चावणाऱ्या ढेकणांच्या दोन जाती महत्त्वाच्या. थंड व समशीतोष्ण देशांत सायमेक्स लेक्टुलॅरियस, तर भारतासारख्या उष्ण देशांत मुख्यतः सायमेक्स हेमिप्टेरस. दोघांचा दिनक्रम सारखाच. दिवसभर खाटेच्या सांध्यात, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत दाटीवाटीने बसायचे आणि रात्री, बहुधा पहाटेच्या सुमारास, बाहेर पडायचे. अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला वाट दाखवतात.

उपाशी ढेकूण कागदासारखा चपटा आणि तपकिरी असतो. कातडीवर बसला की तो सोंड खुपसून रक्तवाहिनी शोधतो. सोंडेत दोन नळ्या असतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून रक्त वर येते. लाळेतली द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत आणि रक्तवाहिनी रुंद करतात. पाच-दहा मिनिटांत तो फुगून लालभडक होतो आणि जड अंगाने परत फटीकडे निघतो. मग साधारण आठवडाभर त्याला भूक नसते. पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी रक्त मिळावेच लागते.

यातला एक बारकावा पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाचा ठरतो. गादीच्या कडेला दिसणारे काळे ठिपके म्हणजे ढेकणाची विष्ठा, अर्थात पचलेले रक्त. ही विष्ठा तो बहुतेक वेळा आपल्या लपायच्या जागी परतल्यावर टाकतो. माणसाच्या कातडीवर ती क्वचितच पडते. ज्या रोगांचे जंतू विष्ठेतून पसरतात, त्यांची वाट इथे बरीच अरुंद होते.

संशयाची सुरुवात : प्लेग आणि काळा आजार

कीटक रोग पसरवतात ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि तिची मोठी परीक्षा भारतात झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून पिसवेकडे बोट दाखवले. पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी उंदरावरच्या पिसवेची भूमिका पक्की केली. ढेकूणही तेव्हा संशयितांच्या रांगेत होता. इंग्लंडमध्ये आर्थर बेकट यांनी १९१५ साली प्लेगचे जंतू ढेकणात टिकतात आणि प्रयोगशाळेत त्याच्याकरवी बाधा होऊ शकते, असे मांडले. पण प्रत्यक्ष साथींचा माग घेतला, तेव्हा तो उंदीर आणि पिसवेपाशीच पोचत राहिला.

काळ्या आजाराची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९०३ साली लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी या रोगाचा परजीवी शोधला. दुसऱ्याच वर्षी लेनर्ड रॉजर्स यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला आणि शेपूट असलेले त्याचे रूप पाहिले. असे रूप एखाद्या कीटकाच्या पोटात तयार होत असणार, हा तर्क सरळ होता. कीटक कोणता? रोग्यांच्या घरात ढेकूण मुबलक होते. १९०७ साली मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी रोग्यांचे रक्त प्यायलेल्या ढेकणांच्या पोटात परजीवीचे हेच रूप आढळल्याचे जाहीर केले आणि पुढे दीर्घकाळ ढेकूण हाच मुख्य आरोपी राहिला.

त्याला सोडवले ते नकाशाने. ढेकूण भारतभर होते, काळा आजार मात्र आसाम, बंगाल, बिहार आणि मद्रासच्या काही भागांतच होता. मुंबई इलाख्यातल्या खाटांनाही ढेकणांची वाण नव्हती, तरी काळा आजार इथे मुरला नाही. या रोगाच्या पट्ट्याशी जुळणारा कीटक निघाला तो वाळूमाशीचा एक प्रकार, फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. १९२४ साली कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी तिच्या पोटात परजीवी वाढताना दाखवला. शेवटचा पुरावा १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी दिला. बाधित वाळूमाश्या स्वयंसेवकांना चावल्या आणि त्यांना रोग झाला.

पॅटन यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. परजीवी ढेकणाच्या पोटात काही काळ जगतो. चूक निष्कर्षात होती, आणि तिथून पुढे या क्षेत्राने एक जिना मानला. पहिली पायरी, जंतू कीटकात सापडणे. दुसरी, तो तिथे जिवंत राहणे. तिसरी, त्याची वाढ होणे. चौथी, तो चाव्यातून किंवा विष्ठेतून बाहेर पडून प्राण्याला बाधणे. पाचवी, हे सगळे प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या घरात, खऱ्या माणसांत घडत असल्याचा पुरावा मिळणे. ढेकणाबाबतचे दावे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबले आहेत, काही मोजके चौथीवर पोचले आहेत. पाचवीवर एकही नाही.

हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्ही

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वांत गंभीर संशय हिपॅटायटिस-बीचा होता. १९७७ साली सेनेगलमध्ये पकडलेल्या ढेकणांत या विषाणूच्या खुणा सापडल्या. हा विषाणू शोधल्याबद्दल आदल्याच वर्षी नोबेल मिळवणारे बारूख ब्लूमबर्ग त्या गटात होते. पुढच्या प्रयोगांत दिसले, की विषाणूचा अंश ढेकणात कित्येक आठवडे राहतो, कात टाकल्यावरही टिकतो आणि विष्ठेतही उतरतो. आफ्रिकेत लहान मुलांना हा रोग मोठ्या प्रमाणावर होत होता, त्याच मुलांच्या अंथरुणात ढेकूण होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की उत्तर आपोआप सुचत होते.

दोन अभ्यासांनी ते उत्तर मोडीत काढले. दक्षिण आफ्रिकेत पीटर जप आणि सहकाऱ्यांनी बाधित रक्त पाजलेले ढेकूण चिंपांझींना चावू दिले. चिंपांझींना बाधा झाली नाही. त्याहून महत्त्वाचा प्रयोग गांबियातला, १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. तिथे मुलांच्या घरांत कीटकनाशक फवारले गेले. ढेकूण चांगलेच कमी झाले, पण मुलांमधल्या नव्या हिपॅटायटिस-बी बाधेचे प्रमाण काही घटले नाही. ढेकूण हे कारण असते, तर ते घटायला हवे होते. रोगवाहकाचा आरोप थेट घराघरांत तपासणारा हा प्रयोग ढेकणांच्या अभ्यासात आजही दुर्मीळ आहे.

एचआयव्हीची भीती १९८०च्या दशकात आली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उष्ण कटिबंधातल्या ढेकणाला विषाणूयुक्त रक्त पाजले गेले. विषाणू आठ दिवसांपर्यंत ओळखता आला, पण त्याची वाढ झाली नाही आणि तो विष्ठेतही उतरला नाही. सोंडेवर राहणारे रक्त इतके थोडे असते, की त्यातून बाधा होण्याची शक्यता नगण्य मानली जाते. या प्रश्नावर आता कुणी वाद घालत नाही.

एकविसाव्या शतकातल्या नव्या शंका

२०११ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातून एक छोटी बातमी आली आणि ती जगभर गाजली. शहराच्या गरीब वस्तीतल्या तीन रुग्णांकडचे पाच ढेकूण चिरडून तपासले, तर त्यांत अनेक औषधांना दाद न देणारे जिवाणू सापडले. तीन ढेकणांत मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस होता, दोघांत व्हँकोमायसिनला न जुमानणारा एंटेरोकॉकस. ढेकूण पाचच, आणि तेही सगळे चिरडलेले. जिवाणू त्यांच्या अंगावर होते की पोटात, हे त्यातून कळत नव्हते. २०१४ साली अमेरिकेतल्या प्रयोगात तोच स्टॅफिलोकॉकस ढेकणांना पाजला, तेव्हा तो त्यांच्यात वाढला नाही आणि काही दिवसांतच नाहीसा झाला.

शॅगास रोगाबद्दलची शंका जास्त वजनदार आहे. लॅटिन अमेरिकेतला हा रोग ट्रायपॅनोसोमा क्रूझी या परजीवीमुळे होतो आणि ढेकणांच्याच गणातले मोठे रक्तपिपासू किडे तो पसरवतात. त्यांची विष्ठा चाव्याच्या जागी पडते आणि खाजवताना परजीवी शरीरात शिरतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मायकेल लेव्ही यांच्या गटाने दाखवले, की बाधित उंदरांचे रक्त प्यायलेल्या बहुतेक ढेकणांत परजीवी शिरतो. पुढच्या टप्प्यात निरोगी उंदरांना बाधित ढेकणांसोबत महिनाभर ठेवले, तेव्हा बारांपैकी नऊ उंदरांना बाधा झाली. म्हणजे चौथी पायरी गाठली गेली. आक्षेप असा, की पिंजऱ्यातला उंदीर ढेकूण खातो, त्याच्या विष्ठेत लोळतो. माणूस तसे करत नाही. शिवाय ढेकणामुळे शॅगास झाल्याचा एकही मानवी रुग्ण नोंदलेला नाही. या शंकेची बाजू घेणारे म्हणतात, की शोधलेच नाही तर रुग्ण सापडेल कसा?

तिसरी शंका ट्रेंच फीव्हरची. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना उवांमुळे होणारा हा ताप आज शहरांतल्या बेघर लोकांत आढळतो. त्याचा जिवाणू बार्टोनेला क्विंटाना. मार्सेच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की हा जिवाणू ढेकणाच्या पोटात जिवंत राहतो आणि अठराव्या दिवसापर्यंत विष्ठेतून जिवंतच बाहेर येतो. ज्या निवाऱ्यांत उवा आणि ढेकूण एकत्र आढळतात, तिथे दोष कुणाचा, हे वेगळे काढणे सोपे नाही.

दोन भूमिका

या सगळ्या पुराव्याकडे पाहणाऱ्यांचे साधारण दोन गट आहेत.

पहिला गट म्हणतो, प्रश्न व्यवहारात सुटला आहे. जेरोम गॉडर्ड आणि रिचर्ड डिशाझो यांनी २००९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात उपलब्ध संशोधन तपासून सांगितले, की ढेकूण माणसात रोग पसरवतो असा पुरावा नाही. २०११च्या एका फ्रेंच आढाव्यात पंचेचाळीसहून अधिक रोगजंतूंचा संबंध ढेकणाशी कधी ना कधी जोडला गेल्याची नोंद आहे, पण प्रत्यक्ष प्रसार त्यातही सिद्ध नाही. या गटाचा सर्वांत बळकट युक्तिवाद साधा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगातल्या शहरांत घरोघरी ढेकूण होते. ते रोग पसरवत असते, तर तेव्हाच्या साथींत त्यांचा ठसा उमटला असता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची आणि पर्यावरण संस्थेची भूमिकाही हीच. ढेकूण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा उपद्रव आहे, पण तो रोगवाहक असल्याचे ज्ञात नाही.

दुसरा गट फाइल बंद करायला तयार नाही. जोसे पिएत्री यांनी २०२०च्या लेखात मांडले, की जुने बरेच प्रयोग अपुरे होते, नमुने थोडे होते आणि आजची तंत्रे तेव्हा नव्हती. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘घडत नाही’ असा घेणे घाईचे आहे. २०१३ साली झॅक अॅडेलमन आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या दिशेने प्रश्न टाकला. कीटकांतून पसरणारे विषाणू, म्हणजे डेंगी-चिकुनगुनिया ज्या मोठ्या समूहात मोडतात ते, ढेकणात नीट तपासलेच गेलेले नाहीत.

या दुसऱ्या गटाच्या हाती एक ठोस उदाहरण आहे आणि ते ढेकणाच्या भाऊबंदांतलेच आहे. सायमिसिडी कुळात सुमारे शंभर जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक वटवाघळांवर आणि पक्ष्यांवर जगतात. अमेरिकेत कड्यांवर मातीची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांच्या घरट्यांत राहणारा किडा बगी क्रीक नावाचा विषाणू पसरवतो आणि त्याची बाधा पक्ष्यांना होते. नेब्रास्कात चार्ल्स आणि मेरी ब्राऊन यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. थायलंडमध्ये वटवाघळांच्या गुहेतल्या ढेकणांत कांग खोय हा विषाणू सापडला आहे. म्हणजे या कुळाच्या शरीररचनेत रोग वाहून नेण्याला मूळचा अडथळा आहे, असे म्हणता येत नाही. मग माणसाच्या ढेकणालाच ते का जमत नाही, हा प्रश्न उरतो.

ढेकणाच्या पोटातला भाडेकरू

रोगजंतूंच्या शोधात असताना ढेकणाचे स्वतःचे जंतू तसे बाजूला राहिले होते. १९२१ साली आर्कराइट, अॅटकिन आणि बेकट यांनी ढेकणात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा एक सूक्ष्म जीव नोंदवला होता. तो काय करतो, हे कळायला नव्वद वर्षे जावी लागली.

२०१० साली जपानमधल्या ताकाहिरो होसोकावा, ताकेमा फुकात्सु आणि सहकाऱ्यांनी तो उलगडा केला. ढेकणाच्या पोटात, जननेंद्रियांशेजारी दोन छोटी पारदर्शक इंद्रिये असतात. त्यांच्या पेशी व्होल्बाकिया या जिवाणूने गच्च भरलेल्या असतात. प्रतिजैविक देऊन हा जिवाणू काढून टाकला, तर ढेकणाची वाढ खुंटते आणि अंडी नीट उबत नाहीत. रक्तात ब-जीवनसत्त्वे मिसळून पाजली, की तोच ढेकूण पुन्हा सुधारतो. रक्तात प्रथिने भरपूर असतात, पण ही जीवनसत्त्वे तुटपुंजी. ती कमतरता जिवाणू भरून काढतो आणि आई तो अंड्यांतून पिल्लांना देते.

व्होल्बाकिया हे नाव डासांच्या संदर्भात अनेकांना माहीत असेल. हाच वंश डासाच्या अंगी असला की डेंगीचा विषाणू त्यात नीट वाढत नाही. त्यावर आधारलेले डास पुदुच्चेरीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रातही तयार झाले आहेत. पण बहुतेक कीटकांत व्होल्बाकिया हा आगंतुक असतो. तो यजमानाच्या प्रजननात ढवळाढवळ करून स्वतःचा प्रसार साधतो. ढेकणात तो पोशिंदा कसा झाला? २०१४च्या अभ्यासाने उत्तर दिले, की बायोटिन बनवणारी जनुके या व्होल्बाकियाने बहुधा दुसऱ्या एखाद्या जिवाणूकडून मिळवली. त्याच काळात रायबोफ्लेविन पुरवण्याचे कामही तो करतो, हे स्पष्ट झाले.

इथे दोन धागे जुळतात. डासात व्होल्बाकिया विषाणूंना रोखतो. ढेकणातला व्होल्बाकियाही तसे करतो का? ढेकूण रोग का पसरवत नाही, याचे एक संभाव्य उत्तर इथे दडलेले असू शकते, पण ते अजून सिद्ध झालेले नाही.

जखम करणारा समागम

जंतूंशी ढेकणाचा सामना आणखी एका ठिकाणी होतो. नर ढेकूण मादीच्या जननमार्गाचा वापर करत नाही. तो तिच्या पोटाची भिंत सुईसारख्या अवयवाने भोसकतो आणि वीर्य थेट आत सोडतो. मळकट फटीत दाटीवाटीने राहणाऱ्या प्राण्याच्या या सुईवर जिवाणू आणि बुरशी असणारच. प्रत्येक समागम म्हणजे मादीला एक दूषित जखम.

मादीकडे त्यावर तोडगा आहे. भोसकण्याच्या ठरावीक जागी स्पर्मालेज नावाचे, रक्तपेशींनी भरलेले खास इंद्रिय असते. ब्रिटनच्या शेफील्डमध्ये माइक सिव्हा-जोथी, क्लाउस राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले, की हे इंद्रिय जखमेमुळे आणि जंतूंमुळे होणारे नुकसान बरेच कमी करते. त्यांच्याच परंपरेतल्या २०१९च्या अभ्यासात आणखी नवल दिसले. मादी पोटभर रक्त प्यायली की तिच्यावर नर झडप घालतात. नियमित रक्त मिळणारी मादी हे जणू ओळखते आणि समागमाआधीच जंतुनाशक लायसोझाइम तयार ठेवते. नराच्या वीर्यातही जंतूंना मारणारी द्रव्ये आहेत. अशा सतत सज्ज शरीरात बाहेरच्या रोगजंतूंना टिकणे अवघड जात असावे, असा काही संशोधकांचा अंदाज आहे.

जंतूच शस्त्र झाले तर

ढेकणाला मारायलाही आता जंतू वापरले जातात. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४०च्या दशकातच हवाईत दिसले होते. आज पायरेथ्रॉइड कीटकनाशकांबद्दल तीच तक्रार जगभर आहे. २०१२ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बिव्हेरिया बॅसियाना या बुरशीचे बीजाणू लावलेल्या कापडावरून ढेकूण चालवले गेले आणि ते पाच दिवसांत मेले. महत्त्वाचे म्हणजे बाहेर फिरून आलेला ढेकूण बीजाणू अंगावर घेऊन फटीत परततो आणि बाहेर न पडलेल्यांनाही बाधतो. त्यावर आधारित उत्पादन २०१७पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे.

आपल्याकडचा शेतकरी बिव्हेरिया आणि मेटारायझियम ही नावे कृषी सेवा केंद्रातून ओळखतोच. ढेकणावर मेटारायझियम मात्र फारसे चालले नाही. ढेकणाला ज्या अल्डिहाइडांमुळे तो विशिष्ट उग्र वास येतो, तीच या बुरशीची वाढ रोखतात. शेतातली उत्पादने घरातल्या गाद्यांवर फवारण्यासाठी नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

रोगाशिवायचे नुकसान

रोगप्रसाराच्या वादात ढेकणाचे थेट नुकसान मागे पडू नये. चाव्यांची अॅलर्जी, खाजवल्यावर होणारा कातडीचा संसर्ग, झोपमोड आणि मानसिक त्रास डॉक्टरांना नवे नाहीत. १९६२ साली पी. एस. वेंकटाचलम आणि भवानी बेलवाडी यांनी भारतातल्या लहान मुलांच्या रक्तक्षयामागे ढेकणांचे अतोनात चावे हे एक कारण असू शकते, असे दाखवून दिले होते.

यात अलीकडे भर पडली ती घरातल्या धुळीची. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या कोबी शाल यांच्या गटाने २०१८ साली ढेकूण असलेल्या घरांच्या धुळीत हिस्टामाइनचे प्रमाण इतर घरांच्या किमान वीसपट मोजले. ढेकूण हे द्रव्य विष्ठेतून टाकतात. उष्णतेने सगळे ढेकूण मारल्यावरही तीन महिने हे द्रव्य धुळीत होते. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवले, की ढेकूण असलेल्या घरातल्या धुळीची जिवाणूसृष्टीच बदलते. दम्याच्या किंवा अॅलर्जीच्या रुग्णांवर याचा किती परिणाम होतो, हे ठरवणारे अभ्यास व्हायचे आहेत.

काय सुटायचे आहे

उरलेल्या प्रश्नांत भारताच्या दृष्टीने पहिला आहे तो जातीचा. या लेखातले बहुतेक निष्कर्ष थंड देशांतल्या लेक्टुलॅरियसवर बेतलेले आहेत. आपल्याकडच्या हेमिप्टेरसवर काम तुलनेने तोकडे आहे. वागणुकीत आणि शरीरात दोघे जवळचे असले, तरी एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला बिनदिक्कत लावता येत नाहीत.

दुसरा प्रश्न क्षेत्रातल्या पुराव्याचा. शॅगास असलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या वस्त्यांत, ट्रेंच फीव्हर असलेल्या निवाऱ्यांत गांबियासारखा प्रयोग झाला, म्हणजे ढेकूण कमी करून रोग कमी होतो का हे मोजले, तरच पाचव्या पायरीबद्दल काही बोलता येईल. तिसरा प्रश्न विषाणूंचा आणि व्होल्बाकियाच्या भूमिकेचा.

आजच्या पुराव्यावर निकाल असा, की ढेकूण माणसात कोणताही रोग पसरवतो, असे सिद्ध झालेले नाही. शॅगास आणि ट्रेंच फीव्हर यांच्याबद्दल शंकेला जागा आहे, हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्ही यांच्याबद्दल ती जवळजवळ उरलेली नाही.

ढेकणांवरच्या औषधांनी झालेले नुकसान मात्र नोंदलेले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ ते २०१० या काळात सात राज्यांत ढेकणांवरच्या कीटकनाशकांमुळे आजारी पडलेल्या १११ जणांची नोंद केली, त्यांत एक मृत्यू होता. आपल्याकडेही धान्य टिकवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या झोपायच्या खोलीत ठेवल्याने माणसे दगावली आहेत. घरात ढेकूण झाले तर गाद्या-चादरी कडक गरम पाण्यात धुवाव्यात किंवा वाफेने शेकाव्यात, फटी बुजवाव्यात, घरगुती वापरासाठी मान्य असलेलेच औषध जाणकाराकडून मारून घ्यावे आणि शेतातले किंवा गोदामातले विष घरात आणू नये.